दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा, अडकलेलं लायसन्स आणि ते परत मिळवण्याची वाट

बालाघाट

लग्नसराई आली की नाकाबंदी वाढते आणि इथं मंचावर तोच प्रश्न पुन्हा येतो: "दंड भरला, तीन महिने झाले, आता गाडी चालवली तर चालतंय का?" बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असतं. लायसन्सला कुलूप एक नसतं, दोन असतात. एक आरटीओचं, एक कोर्टाचं. दोन्हींच्या मुदती वेगळ्या आणि एक निघालं म्हणून दुसरं निघत नाही. निम्मे लोक इथंच फसायलेत, म्हणून सगळं एका धाग्यात आणतो. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

गुन्हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ चा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की तो लागतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हेल्मेटच्या चलनासारखा हा मोबाइलवरून भरून मोकळं होण्याचा प्रकार नाही. तडजोडीच्या यादीत हे कलमच नाही, त्यामुळे लोकअदालतीतही तडजोड होत नाही. प्रकरण प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातं.

आता कुलपं. पोलिसांनी लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवायचं, असं कलम २०६(४) सांगतं. पोलीस स्वतः निलंबन करत नाहीत. आरटीओ नोटीस काढतं, म्हणणं ऐकतं आणि कलम १९ च्या पोटकलम १-ए खाली आदेश देतं. पहिला गुन्हा असेल तर तीन महिने अपात्र, दुसरा असेल तर लायसन्स रद्द. हे पहिलं कुलूप.

दुसरं कोर्टाचं. कलम १८५ खाली दोषी ठरवलं की कलम २०(२) प्रमाणे कोर्टानं अपात्र ठरवायचंच असतं आणि ती मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी नसते. केसचा निकाल वर्षभरानं लागला तर आरटीओचे तीन महिने कधीच संपलेले असतात, माणूस गाडी चालवत असतो आणि मग कोर्टाचे सहा महिने सुरू होतात. "मी तर आधीच भोगलं" असं म्हणून भागत नाही.

गोदाकाठ

चांगला धागा. एक विचारायचंय. लायसन्स जप्त करताना पोलीस पावती देतात. त्या पावतीवर गाडी चालवता येते असं आमच्याकडं सगळेच सांगायलेत. खरं का?

काळा_कोट

गोदाकाठ, ही समजूत जुन्या दिवसांतली आहे आणि आता धोक्याची आहे. इतर कारणांनी लायसन्स घेतलं असेल तर पावतीवर ठरावीक तारखेपर्यंत चालवता येतं, म्हणून ती रुजली. पण २०१९ च्या दुरुस्तीनं कलम २०६ मध्ये पोटकलम (४) नव्यानं आलं. दारू, धोकादायक ड्रायव्हिंग, अतिवेग, शर्यत, हेल्मेट अशा कारणांनी लायसन्स गेलं असेल तर मिळालेली पावती ही फक्त पोच असते. लायसन्स परत हातात येईपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही, असं कलमातच लिहिलंय. पावतीवर कोणतं कलम टाकलंय ते आधी बघा.

डिजिलॉकरमधली प्रत दाखवूनही काम होत नाही. आरटीओनं अपात्रतेची नोंद पोर्टलवर घेतली की तपासणीत तीच दिसते.

चौथा_गिअर

आरटीओच्या बाजूनं लिहितो, कारण जास्तीत जास्त चुका तिथं होतात.

नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते. लायसन्स काढलं तेव्हा पत्ता गावाकडचा, आता राहणं सिडकोत किंवा वाळूजला. पाकीट "पत्त्यावर नाही" असा शेरा मारून परत जातं आणि सुनावणी माणसाविनाच होते. आदेश निघून दोन महिने झालेले असतात, तरी घरात कुणाला पत्ता नसतो. म्हणून लायसन्स जप्त झालं त्याच आठवड्यात सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर मोबाइल नंबर आणि पत्ता तपासा. चुकीचा असेल तर आरटीओत लेखी अर्ज देऊन सध्याचा पत्ता कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिला काय, न दिला काय, सारखंच.

दुसरी अडचण जिल्ह्यांची. लायसन्स लातूरचं, एमएच २४. पकडलं छत्रपती संभाजीनगरात, एमएच २०. कागद एका कार्यालयातून दुसऱ्याकडं जातो आणि मध्ये महिना जातो. नुसतं "फाइल कुठंय" असं विचारत फिरू नका. पोलिसांनी आरटीओला पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख आधी घ्या. तो हातात असला की लिपिकाला रजिस्टरमध्ये शोधता येतं.

सुनावणीला गेलात तर एक गोष्ट समजून जा. पोटकलम १-ए मध्ये अधिकाऱ्याला दोनच वाटा आहेत: कारण पटलं तर सोडून देणं, नाहीतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिने. "साहेब, पंधरा दिवसांवर भागवा" ही विनंती ते मान्य करूच शकत नाहीत. त्यापेक्षा ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या चिठ्ठीवरची तारीख, वेळ, नाव, गाडी नंबर जुळतो का, ते दाखवा. खरी चूक असेल तर तिथंच दिसते.

उसाची_मोळी

गाळप हंगामात आमच्या बीड-माजलगाव भागात ट्रॅक्टर आणि टेम्पोवाल्यांचे हाल होतात. एखादा मोटारसायकलवर पिऊन सापडला, पण त्याचं पोट टेम्पोवर आहे. त्याचं सगळंच बंद होतं का?

काळा_कोट

उसाची मोळी, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण महत्त्वाचा आहे. कलम १९ आणि कलम २०, दोन्हींत "सर्व किंवा कोणत्याही एका वर्गाच्या वाहनासाठी" अपात्र ठरवता येतं. म्हणजे दुचाकीपुरतं अपात्र ठरवून टेम्पो चालू ठेवण्याचा अधिकार कायद्यानं दिलेला आहे. मिळेलच असं नाही, कारण दारूच्या केसमध्ये कोर्टं आणि आरटीओ कडक असतात, आणि तेच बरोबर आहे. पण मागितलंच नाही तर मिळणार कुठून? मागणी लेखी करा. सोबत मालकाचं पत्र, टेम्पोची कागदपत्रं आणि आधी कधी असा गुन्हा नाही याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

उलट बाजूनं, पिऊन टेम्पोच चालवत असताना सापडला असेल तर ही मागणी करू नका.

बालाघाट

आणि ट्रॅक्टरबद्दल: स्वतःच्या शेतात नांगरट, पेरणी करायला लायसन्सची गरज नाही, कारण लायसन्सची सक्ती सार्वजनिक जागेसाठी आहे. पण ही मोकळीक अपात्र ठरलेल्याला नाही. कलम १८२ सार्वजनिक जागेसोबत "इतर कोणत्याही जागेला"ही लागतं, म्हणून अपात्र माणसानं शेतातही स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कारखान्याकडं जाणारी ट्रॉली तर लांबच राहिली. आणि पिऊन ट्रॅक्टर शेतातही चालवू नका. ट्रॅक्टर उलटला तर खालचा माणूस वाचत नाही.

सीताफळ

कोर्टात पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरावा असं सगळे सांगतात. वकील न लावता जावं का?

काळा_कोट

सीताफळ, कबुली देण्याआधी तिचं वजन काय ते कळलं पाहिजे. कबुलीवर शिक्षा झाली की पुढं अपिलात "मी पिलोच नव्हतो" असं म्हणता येत नाही. शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे, एवढ्यापुरतंच अपील उरतं. आणि कबूल केलं म्हणून सहा महिन्यांची अपात्रता चुकत नाही.

कबुलीआधी कागद बघा. अटक झाली असेल तर अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी होती, तसं कलम २०२ म्हणतं. ब्रेथ अ‍ॅनालायझरची चिठ्ठी दोषारोपासोबत आहे का, आकडा ३० च्या वर आहे का, रक्ताचा नमुना घेतला असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल आला का. फुंकायला नकार दिला असेल तर तो नकारही कोर्टात पुरावा म्हणून येतो, हेही लक्षात ठेवा.

सगळं स्वच्छ असेल आणि खरंच पिऊन चालवली असेल तर कबुलीनं वेळ वाचतो. पण अपात्रतेचा आदेश होताना मुदत कमीत कमी, म्हणजे सहा महिन्यांचीच ठेवावी, आणि जमत असेल तर वाहनाच्या वर्गापुरती ठेवावी, एवढं बोलायला वकील असलेला बरा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा. पात्र व्यक्तीला तिथून वकील मोफत मिळतो.

निकाल लागला की त्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज द्या. प्रमाणित प्रत हातात आल्यावर त्यात अपात्रतेची ओळ आहे का, मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते स्वतः वाचा. काही आदेशांत फक्त दंडाचाच उल्लेख असतो. मग तुमच्यावर फक्त आरटीओचं कुलूप उरतं आणि नसलेल्या बंदीच्या भीतीनं घरी बसायची गरज नाही.

अपील करायचं असेल तर सत्र न्यायालयात ३० दिवसांत. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्या ३० दिवसांत धरत नाहीत. फक्त अपील दाखल केलं म्हणून अपात्रता थांबत नाही. अपील कोर्टानं तशी स्थगिती दिली तरच थांबते.

गोदाकाठ

धन्यवाद. केस कुठल्या कोर्टात आहे हेच कित्येकांना माहीत नसतं, ते कसं काढायचं?

चौथा_गिअर

ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर नाव किंवा गुन्हा नंबर टाकून सापडतं. प्रत्येक केसला १६ अक्षरांचा सीएनआर नंबर असतो. तो एकदा लिहून ठेवला की पुढच्या तारखा घरबसल्या बघता येतात. तारीख चुकली की वॉरंट निघतं आणि साधं प्रकरण अवघड होऊन बसतं.

बालाघाट

आता खरं कुलूप उघडायचं कसं, त्यावर येऊ.

आरटीओचे तीन महिने संपले म्हणून लायसन्स आपोआप जिवंत होत नाही. २०१९ नंतर अट आहे की चालकानं उजळणी प्रशिक्षण, म्हणजे रिफ्रेशर कोर्स, पूर्ण केला तरच लायसन्स परत द्यायचं. कोर्स परवानाधारक मोटार ड्रायव्हिंग स्कूलमधून किंवा सरकारनं अधिसूचित केलेल्या संस्थेतून करायचा. गल्लीतल्या कुठल्याही "ड्रायव्हिंग क्लास"चं प्रमाणपत्र चालत नाही. फी भरण्याआधी ज्या आरटीओनं आदेश काढला त्यांनाच विचारा की कोणत्या केंद्राचं प्रमाणपत्र ते घेतात. आणि तीन महिने संपायची वाट बघू नका. निलंबनाच्या काळातच कोर्स करून ठेवा, म्हणजे शेवटच्या दिवशी अर्ज देता येतो.

अर्जासोबत आरटीओच्या आदेशाची प्रत, जप्तीची पावती, कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, आधार, आणि कोर्टाचा निकाल लागला असेल तर दंडाची पावती व निकालाची प्रमाणित प्रत. मूळ कार्ड अजून घरीच असेल तर आदेश आल्याबरोबर ते जमा करा. घरी ठेवून काही फायदा होत नाही, उलट "कार्ड जमा केलं नाही" म्हणून परत मिळताना अडतं.

चौथा_गिअर

बालाघाटांच्या वरच्या मजकुरात एकच भर. कार्ड हातात आलं म्हणून लगेच गाडी काढू नका. आधी सारथीवर लायसन्सची स्थिती तपासा. कार्ड परत दिलं पण प्रणालीत निलंबन काढायचं राहिलं, असं होतं. चौकात पोलिसाच्या हातातल्या यंत्रावर "निलंबित" दिसलं की तुमच्या खिशातल्या कार्डाला कुणी विचारत नाही. नोंद निघाली नसेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज, आवक शिक्का.

कोर्टाची मुदत संपली की मात्र वेगळा आदेश लागत नाही. निकालपत्रात लिहिलेली तारीख उलटली की बंदी उठते. लायसन्स कोर्टात मुद्देमालात जमा असेल तर परत मिळण्याचा अर्ज त्याच कोर्टात करायचा.

काळा_कोट

मुदतीपूर्वी अपात्रतेतून सुटका मागता येते का, असं दोघांनी खासगी निरोपात (व्यनित) विचारलंय. कलम २३ मध्ये तशी सोय आहे. अपात्रतेच्या आदेशाला सहा महिने झाल्यावर ज्या कोर्टानं किंवा अधिकाऱ्यानं आदेश दिला त्याच्याकडंच अर्ज करायचा. कोर्टानं किमान मुदत दिली असेल तर या सोयीचा उपयोग नाही, कारण सहा महिने तसेही संपतात. एक वर्ष, दोन वर्षं अशी मुदत असेल तरच कामाची. या अर्जात वागणूक दाखवायची असते: या काळात गाडी चालवली नाही, कोर्स केला, व्यसनासाठी उपचार घेतले, त्यांचे कागद. अर्ज फेटाळला तर पुढचा अर्ज तीन महिन्यांनी.

आरटीओच्या आदेशाविरुद्धचं अपील वेगळं. ते आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत.

आणि निकाल किंवा आदेशाचा शेरा लायसन्सवर चढतो. नूतनीकरण केलं, दुय्यम प्रत काढली, तरी तो नव्या कार्डावर उतरतो. सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही की शेऱ्याशिवायचं लायसन्स मागायचा हक्क मिळतो. अपात्रतेचा काळ त्या तीन वर्षांत धरत नाहीत.

उसाची_मोळी

इथं एक गोष्ट मोठ्यानं सांगायला पाहिजे. एजंट सांगतात, "लायसन्स हरवलं म्हणून तक्रार टाका, डुप्लिकेट काढून देतो." कुणी म्हणतं, दुसऱ्या जिल्ह्यातून नवीन लर्निंग काढू. पोरं याला बळी पडायलेत.

काळा_कोट

बरोबर बोललात. कलम १८२ नेमकं यासाठीच आहे. अपात्र असताना गाडी चालवणं, लायसन्ससाठी अर्ज करणं, किंवा शेरा लपवून लायसन्स मिळवणं, या सगळ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. असं मिळवलेलं लायसन्स मुळात निरर्थक. शिवाय आधार जोडलेलं असेल तर जुनी नोंद समोर येऊ शकते. एजंट पैसे घेऊन मोकळा होतो, सही आणि खोटं प्रतिज्ञापत्र तुमचं असतं.

विम्याचंही सांगतो, कारण घरं बुडतात ती इथं. अपात्र किंवा पिलेला चालक असेल तर विमा कंपनीला जबाबदारी नाकारायचं कारण मिळतं. समोरच्या जखमी माणसाला कंपनीनं पैसे दिले तरी ते चालक-मालकाकडून वसूल करायचा आदेश होऊ शकतो. लाखांच्या भरपाईपुढं दोन एकर जमीन टिकत नाही.

सीताफळ

ज्यांचं लायसन्स रद्दच झालं, म्हणजे दुसऱ्यांदा सापडले, त्यांचं काय?

चौथा_गिअर

सीताफळ, रद्द म्हणजे ते लायसन्स पुन्हा जिवंत होत नाही. अपात्रतेची मुदत कोर्टाच्या आणि आरटीओच्या आदेशात बघायची, ती पूर्ण संपल्यावर नव्यानं सुरुवात: लर्निंग, त्यानंतर किमान ३० दिवसांनी पक्क्याची चाचणी. लर्निंग सहा महिनेच चालतं. जड वाहनाचा चालक असेल तर जास्त त्रास, कारण ट्रान्सपोर्टचं लर्निंग काढायला आधी हलक्या वाहनाचं लायसन्स एक वर्ष जुनं असावं लागतं. म्हणजे ट्रकवाल्याची दीड-दोन वर्षं जातात. दुसरी चूक पहिलीच्या दुप्पट नाही, कितीतरी जास्त महाग आहे, हे सगळ्या चालकांना सांगा.

निलंबनाच्या काळात लायसन्सची मुदत संपणारी असेल तर तेही बघा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत केला तर चाचणी लागत नाही. वर्ष उलटलं की पुन्हा ट्रॅकवर चाचणी द्यावी लागते. निलंबन संपल्याबरोबर नूतनीकरण करून घ्या.

स्टेथोस्कोप

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. लोक म्हणतात, "रात्री पिलो होतो, सकाळी कसं काय सापडलो?" शरीर दारू साधारण तासाला १५ मिलिग्रॅम प्रति १०० मिलिलिटर या वेगानं काढतं. रात्री बाराला प्रमाण १८० असेल तर ३० च्या खाली यायला दहा तास, म्हणजे सकाळचे दहा वाजतात. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, यांनी हा वेग वाढत नाही. पहाटे धाराशिवहून सोलापूरला निघणाऱ्यानं रात्रीच हा हिशेब करावा.

दुसरं. दोनदा सापडलेल्या माणसाची दारू ही बऱ्याचदा नुसती सवय नसते, आजार असतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं कोर्टाच्या भीतीनं एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास, फिट येणं असं होऊ शकतं, आणि ते जिवावर बेततं. जिल्हा रुग्णालयातल्या किंवा संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवून औषधाखाली सोडा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. उपचाराचे केसपेपर जपून ठेवा. वर वकीलसाहेबांनी सांगितलेल्या अर्जात त्यांचा उपयोग होतो.

गोदाकाठ

सहा महिने कामावर जायचं कसं, हा रोजचा प्रश्न. बॅटरीची स्कूटर चालते म्हणतात.

चौथा_गिअर

गोदाकाठ, मोटार २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच त्या गाडीला लायसन्स लागत नाही. दुकानदार "लायसन्स नको" म्हणून विकतात, पण आत मोटार मोठी असते किंवा वेगाची मर्यादा तार कापून काढलेली असते. अशी गाडी कायद्यानं मोटार वाहनच आहे आणि तुम्ही अपात्र आहात. नंबरप्लेट असलेली कुठलीही बॅटरी स्कूटर तर नाहीच.

सीताफळ

शेवटचं. गाडी घरच्या बाईच्या नावावर असेल आणि नवरा लायसन्स नसताना घेऊन गेला तर तिच्यावर काही येतं का?

काळा_कोट

येतं, ताई. कलम १८० मालकाला लागतं. लायसन्स नसलेल्या किंवा अपात्र माणसाला गाडी चालवू दिली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. "मला न विचारता नेली" हे सांगता येतं, पण ते सिद्ध करावं लागतं. म्हणून अपात्रतेचा आदेश आला त्या दिवसापासून गाडीच्या दोन्ही चाव्या तिच्याच ताब्यात असाव्यात.